आंब्याच्या फांदीवरचे दोरे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाय. बायकोला नाय, भावाला नाय. देवाला तर मुद्दामच नाय — आमचं शिवमंदिर त्या वाटेवरच आहे, त्यानं सगळं बघितलं असणार, त्याला परत काय सांगायचं? तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही तिथं नव्हता. जे तिथं होते ते सगळे हसत होते. त्यांना सांगून उपयोग नाय.

तसा मी तोंडाळ माणूस. शाळेत एक दिवस गेलो, मास्तरची नक्कल केली, दुसऱ्या दिवशी मास्तरांनीच घेतला नाय. तेव्हापासून एकच धंदा — लोकांना हसवायचं. पोटासाठी माळीकाम, पण खरं काम हेच. कोण कसा चालतो, कोण कसा शिंकतो, हेडक्लार्क खुर्चीत बसताना धोतर कसं सावरतात — सगळं करून दाखवायचो. माझ्यावर पण विनोद करायचो. माझे पाय फेंगडे, नाक बसकं, दात दोन कमी. लोक म्हणायचे, गणपाला लाज नाय. खरंच बोलायचे. पण त्यांना वाटायचं ते कौतुक आहे, आन मला पण.

गोष्ट पन्नास सालानंतरची. अंबरनाथला कारखान्याच्या साहेब लोकांसाठी एक बाग होती, तिचा मी माळी. बागेच्या कडेनं लाल मुरमाची गोल वाट. दोन्ही बाजूला दगड, त्यांना चुना. मी रोज सकाळी त्या वाटेवर पाणी मारायचो, रोलर फिरवायचो, आन मंग साहेब लोक त्यावर पळायचे. पांढरी चड्डी, पांढरे कॅनव्हासचे बूट. पहिल्यांदा एक साहेब पळताना बघितला तेव्हा मी झारी टाकली आन त्याच्या मागं सुटलो.

साहेब थांबले. "क्या हुआ माली?"

मी म्हटलं, "साहेब, किधर गया?"

"कौन?"

"चोर."

मला खरंच वाटलं होतं. मागं कोण लागलेलं नाय, पुढं कोण पळत नाय, आन माणूस पळतोय — गोल, गोल, जिथून निघाला तिथंच परत! घाण्याचा बैल तरी तेल काढतो. हे काय काढायचे? घाम. तो पुसायला पण नोकर उभा. मी त्यांच्यावर लय हसायचो, मनात. वरून सलाम.

आता बुधा. बुधा ठाकर. बदलापूरच्या पलीकडं डोंगराच्या पायथ्याला ठाकरांची एक वाडी होती, तिथला. बागेत गवत कापायला रोजंदारीवर यायचा, माझ्या हाताखाली. म्हणजे मी साहेबांच्या पायाखाली आन तो माझ्या. वय असेल बावीस-तेवीस. काळा, बारीक, पाय नुसत्या काठ्या. रोज सकाळी वाडीवरून पळत यायचा आन संध्याकाळी पळत जायचा. डोंगरातली पायवाट, नदी, शेतांचे बांध, मंग आमचं शिवमंदिर, मंग बाग. आगगाडीत बसायला घाबरायचा. एवढं पळून आल्यावर दम पण लागलेला नसायचा. यायचा, पाणी प्यायचा, विळा घ्यायचा.

आन तो गवत कापत असताना साहेब त्याच्या बाजूनं पळायचे, हाशहुश करत. एकदा मला म्हणाला, "दादा, हे कुठं जातात?"

मी म्हटलं, "कुठं नाय रे. परत येतात."

तो हसला नाय. त्याला ते पटलं. म्हणाला, "मंग बरं."

त्याचं एक मला ठाऊक होतं, ते आधीच सांगतो, म्हणजे पुढं मला सोडून द्यायला तुम्हाला जागा राहणार नाय. त्याचं पहिलं लेकरू आदल्या पावसात गेलं. ताप होता, नदीला पाणी होतं, वाडीवरून दवाखान्यात आणताच आलं नाय. दोन दिवस ते काठावर बसून राहिले. त्याची बायको परत पोटुशी होती, आन बुधाचं एकच चाललं होतं — पावसाच्या आधी नदीच्या अलीकडं यायचं. कारखान्यात कायम झालं की लायनीत खोली मिळते. कायम व्हायचं कसं, ते त्याला माहीत नव्हतं. मला विचारायचा. मी काय सांगायचो? "बुधा, तू असा कर, साहेबाच्या कुत्र्याशी सोयरीक कर." बाजूचे हसायचे. तो पण थोडा हसायचा, वरचा माणूस बोलला म्हणून.

मंग त्या थंडीत दौड निघाली.

मोठ्या साहेबांना हौस आली. बागेतून सुटायचं, शिवमंदिराला वळसा, वालधुनी नदीच्या वाळूतून पलीकडं, टेकडीच्या पायथ्याला एक जुना आंबा होता तिथवर, आन मंग दुसऱ्या अंगानं, भाताच्या रिकाम्या खाचरांतून बागेत परत. कुणीही पळा — कचेरीतला, वर्कशॉपमधला, गावातला, सिंधी कँपातला. आन साहेबांनी एक बोलून ठेवलं — जो बाहेरचा माणूस पहिला येईल त्याला कारखान्यात पहारेकरी म्हणून कायम घेणार.

बुधाला हे मीच सांगितलं. एवढं चांगलं काम केलं मी, लिहून ठेवा. त्यानं विळा खाली ठेवला. म्हणाला, "पळायचंच ना फक्त?"

वाट मी आखली. फक्कीची गोणी खांद्यावर घेऊन सगळ्या वाटेनं पांढरी रेघ मारत गेलो, करवंदीच्या जाळ्यांना चिंध्या बांधल्या. आन कोणी मधनंच वळून परत येऊ नये म्हणून साहेबांनी युक्ती काढली — आंब्याखाली एक माणूस उभा राहील, तो प्रत्येकाच्या मनगटाला लाल दोरा बांधील. दोरा असेल तो खरा. नसेल तो चोर. तो माणूस मी. शाळा न शिकलेल्याला आणखी काय काम देणार? गाठ मारता येते ना? येते साहेब.

तर मी आंब्याखाली होतो. दोऱ्यांचा झुबका खालच्या फांदीला टांगलेला. बाजूला साखर-लिंबाच्या पाण्याचा माठ आन टोपलीभर बुंदीचे लाडू, पळणाऱ्यांसाठी. हवा थंड. कोण नाय.

इथं मी थांबतो जरा. कारण लोकांना मी नेहमी हे सांगत आलो की मी आंब्याखालून हललो नाय.

हललो होतो. झालं, सांगितलं.

नाय, नाय झालं. काय झालं ते नीट सांगतो. मी लाडू खाल्ले. एक खाल्ला, म्हटलं चाखून बघू, आपल्यावर जबाबदारी आहे. मंग किती खाल्ले ते मोजलं नाय. वर ते लिंबाचं पाणी, तांब्या तांब्यानं. पोटानं सांगायचं ते सांगितलं. मी हिशोब केला — हे कचेरीवाले, ढेऱ्या सुटलेले, यांना इथवर यायला अजून लय वेळ आहे. तांब्या घेतला आन ओढ्यात उतरलो, करवंदीच्या मागं. पन्नास पावलं असेल. बसलो.

आन आवाज आला.

"दादा! ओ दादा!"

मी आजवर स्वतःला पण हेच सांगितलं की मला ऐकू आलं नाय. ओढा होता, वारा होता. वारा नव्हता. चांगलं ऐकू आलं. आवाज पण ओळखला — रोज ऐकायचो, ओळखणार नाय?

"दादा, मी आलो! दोरा बांधा ना!"

आता मला सांगा, काय लागत होतं? 'थांब रे, आलो' — तीन शब्द. तोंड तर माझं कधी बंद नसायचं. पण मी गप्प बसलो. तुम्ही म्हणाल, उघडा बसला होता, लाजला असेल. मला लाज कुठली? अर्ध्या अंबरनाथानं मला तसा बघितला असेल. नाय. मी गप्प बसलो कारण मनात आलं — बुधा तर आहे. ठाकर. थांबेल.

बस. एवढंच आलं मनात. ठाकर आहे, थांबेल.

तिथं एखादा साहेब असता तर मी धोतर हातात धरून धावलो असतो. हेडक्लार्क असता तरी 'आलो आलो' ओरडलो असतो. बुधासाठी मी सावकाश बसलो. त्याच्यावर राग नव्हता, वाईट चिंतलं नव्हतं. त्याची घाई ही घाई आहे, असं मला वाटलंच नाय. साहेब लोक मला जसं उन्हात उभं ठेवायचे, तसंच. मला कोण मिळणार उभं ठेवायला? तो एकटा मिळाला, तर ठेवला.

आणखी तीन-चार हाका आल्या. मंग नाय आल्या. मी मनात म्हटलं, बसला असेल सावलीत.

वर आलो तर कोण नाय. आंब्याखाली मातीत अनवाणी पायाचे ठसे, चार-पाच फेऱ्या मारल्यासारखे. झुबका तसाच फांदीला. लाडू पण तसेच, म्हणजे माझ्यातून उरलेले. मी पहिलं काय केलं माहीत आहे? पायानं ठसे पुसले. का? अजून काय झालंच नव्हतं, तरी पुसले. अंगाला आधी कळतं.

बऱ्याच वेळानं दुसरा आला — सिंधी कँपातला लछू. लाल झालेला, धापा टाकत. "भाऊ, जल्दी बांधो नी!" मी बांधला. मंग बाकीचे आले, रडत, लंगडत. सगळ्यांना बांधले. विनोद पण केले. एकाला म्हटलं, "साहेब, दोरा मनगटाला बांधू का कमरेला? कमरेला पुरणार नाय."

शेवटचा गेल्यावर माठ डोक्यावर घेऊन बागेत आलो. बघतो तर सगळे गोल उभे. मध्ये बुधा. निकाल अडला होता — माझ्यासाठी. जन्मात पहिल्यांदा माझ्यासाठी काहीतरी अडलं होतं.

बुधा सगळ्यांच्या किती तरी आधी आला होता. इतका आधी की लोकांचा विश्वासच बसला नाय. वाटेत पण त्याला कोणी बघितला नव्हता, सगळे मागं पडलेले. आन मनगटाला दोरा नाय. हेडक्लार्क म्हणत होते, "सरळ आहे साहेब. ह्या लोकांना सगळ्या चोरवाटा ठाऊक. मधनंच वळला."

मोठ्या साहेबांनी बुधालाच विचारलं. साहेब वाईट नव्हते. बुधा जमिनीकडं बघत बोलला, "मी आलो होतो आंब्याशी. दादा नव्हते. दोरं फांदीला होतं, टांगलेलं."

"मग घेतला का नाहीस एक?" हेडक्लार्कांनी विचारलं.

बुधानं वर बघितलं. त्याला तो प्रश्नच कळला नाय. म्हणाला, "आपला दोरा आपल्या हातानं कसा बांधायचा?"

सगळे हसले. पण मी नाय हसलो, कारण मला कळलं. त्यांच्या वाडीवर भगत दोरा बांधतो — आजारपणात, लग्नात, बाळंतपणात. तो दुसऱ्याच्याच हातानं बांधायचा. आपण आपल्याला बांधला तर तो दोरा नाय, नुसतं सूत. मला माहीत होतं हे, त्याच्याच तोंडून ऐकलेलं. तो आंब्याखाली उभा राहिला, हात पुरेल एवढ्यावर दोरे होते, आन त्यानं हात लावला नाय. खोटं नको म्हणून. हाका मारल्या आन मंग तसाच पळाला, की दादा येऊन सांगतील.

आन दादा आले.

साहेब माझ्याकडं वळले. "गणपा, तू वहाँ था?"

"होय साहेब. हललो नाय."

"ये आया था?"

बघा, इथं पण वेळ होती. बुधा माझ्याकडं बघत होता. भीती नव्हती त्याच्या तोंडावर, म्हणून सांगतो. त्याला वाटत होतं आता संपलं, दादा आले. आन माझ्या डोक्यात काय? लाडू. लाडू खाल्लेले कळतील. जागा सोडली हे कळेल. फार तर काय झालं असतं? साहेब ओरडले असते, लोक महिनाभर हसले असते. आन लोकांनी माझ्यावर हसावं म्हणून तर मी जगत होतो! पण हे हसणं मी ठरवलेलं नव्हतं ना.

"नाय साहेब," मी म्हटलं. "नाय आला."

साहेब अजून विचारात होते. हळूच म्हणाले, मंग दोरे फांदीला टांगलेत हे याला कसं कळलं? म्हणजे बघा, सुटतच होता बुधा. साहेबांच्या डोक्यात बरोबर आलं होतं. मी नुसता गप्प राहिलो असतो तरी सुटला असता.

मी म्हटलं, "साहेब, माकडाला सगळ्या फांद्या ठाऊक असतात."

काय हसले लोक! हेडक्लार्कांना खोकला लागला. साहेब पण हसले, मान हलवली, आन हसल्यावर तो प्रश्न राहूनच गेला. जन्मभर मी विनोद केले, कशाला त्यांचा उपयोग झाला नाय. हा एकच कामाला आला.

लछूला पहिला काढला. त्याला नोकरी लागली. तो पोरगा सरळ, त्याचा काय दोष? घरदार सोडून आलेले, बराकीत राहणारे लोक. पुढच्या दिवाळीला त्याच्या आईनं लाटलेले पापड घेऊन माझ्याकडं आला. म्हणतो, "दादा, तुम सच बोला, इसलिए मेरा घर चला." दरवर्षी यायचा. मी पापड खायचो. चांगले असायचे, मिरी घातलेले.

बुधा सोमवारी कामावर आला. विळा घेतला, गवत कापलं. दुपारी भाकरी खाताना एकदाच विचारलं, "दादा, तुम्ही कुठं होता?"

मी म्हटलं, "तुझ्या सासुरवाडीला."

परत नाय विचारलं त्यानं. पावसाच्या तोंडावर यायचा बंद झाला. त्याची बायको बाळंत झाली का, नदीला पाणी असताना झाली का, लेकरू राहिलं का — मला माहीत नाय. बागेतून त्याचा डोंगर दिसायचा, वाट माहीत होती. वाडीवरचे लाकूड विकणारे रोज बागेसमोरून जायचे. विचारलं नाय.

तुम्हाला वाटेल, संपलं. एवढ्यावर थांबला तर तो गणपा कसला?

मी त्याची नक्कल बसवली. 'ठाकराची दौड' म्हणायचे लोक. बुधा कसा उभा होता, जमिनीकडं कसा बघत होता, "आपला दोरा आपल्या हातानं कसा बांधायचा" कसं म्हणाला. शेवटी माकडाचं वाक्य. गणपतीत केली, साखरपुड्यात केली, साहेबांच्या निरोपाला केली. लोक मागून घ्यायचे. माझ्या सगळ्या नकलांत ती एक नंबर. वर्षामागून वर्ष केली, आन दर वेळी थोडी सुधारली.

एकदा बदलापूरला लग्नाला गेलो होतो, आमच्यातल्याच एकाच्या पोरीचं. दुपार, जेवणं झालेली, मांडवात सगळे सुस्त. कोणी तरी ओरडलं, "गणपा, ठाकर होऊन दाखव!" उठलो. धोतर गुडघ्यावर खोचलं, सुरू केलं. आन निम्म्यात, जमिनीकडं बघायचं असतं तिथं मान वर गेली. मांडवाच्या खांबाशी बुधा उभा. लग्नातल्या पाण्याच्या कामावर आलेला. खांद्यावर हंडा, केस पिकलेले थोडे. बघत होता.

थांबता आलं असतं. चक्कर आली म्हणून खाली बसलो असतो तर कोण काय बोलणार होतं?

पण लोक हसायला लागले होते. मी पुढं केली. दोऱ्याचं वाक्य म्हटलं, त्याच्याच आवाजात. माकडाचं पण म्हटलं. काय सोडलं नाय. मांडव कोसळेल असे हसले.

मी येऊन बसलो. बुधा पाणी वाटत वाटत आला, रांगेत, एकेकाला. माझ्यापाशी आला. भांडं भरलं, पुढं केलं.

"घ्या दादा," म्हणाला. "घसा सुकला असंल."

मी प्यालो. आन रिकामं भांडं पुढं करून म्हटलं, "अजून एक दे."